नखाला लागलेला ओरखडा

कोरड्या काचेवर वायपर फिरवणाऱ्या माणसाची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या तोंडून काही वावगं निघालं तर नवल वाटायला नको. मी वायपरच विकतो. कुमासी शहरातल्या सुआमे मॅगझिनमध्ये, गॅरेजांच्या या गर्दीत, सव्वीस वर्षं एकाच टपरीत बसलोय. माझं खरं नाव आता बायकोखेरीज कुणाला आठवत नाही. सगळ्यांचा मी वायपरमामा.

हरमटानचं वारं सुटलं की उत्तरेकडून पिठासारखी धूळ येते आणि प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर बसते. शहाण्या माणसाने काय करावं? पाण्याची एक पिशवी दातांनी फोडावी, काचेवर ओतावी, मग वायपर लावावा. आमचे लोक त्या पिशवीतलं पाणी पितात, पिशवी रस्त्यावर टाकतात आणि कोरड्या काचेवर बटण दाबतात. खर्र-खर्र, खर्र-खर्र. धुळीत वाळू असते. वायपरचं रबर चार वर्षांचं, लाकूड झालेलं. मग एका सकाळी ऊन समोरून येतं, काचेवर कमानीसारखे बारीक ओरखडे चमकतात, आणि तोच गृहस्थ माझ्यापुढे येऊन उभा राहतो. "मामा, तुमच्या वायपरने माझी काच खाल्ली." अंगात पोशाख नवा, हातात फोन नवा, आणि वायपर बापाच्या वेळचा!

अशा माणसाला मी शेजारच्या शेडकडे बोट दाखवतो. तिथे फ्रिम्पोमा बसते.

फ्रिम्पोमा पन्नाशीला टेकलेली, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. पॉलिशच्या पावडरीने तिचे तळहात कायमचे तांबूस झालेत. हातापायांची सगळी नखं मुळापर्यंत कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं राखलेलं, जाड आणि पिवळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या नखाची शिसारी आली होती. पण तिचा सगळा धंदा त्या नखावर चालतो. गाडी आली की ती काच साबणाने धुते, कोरडी करते, डोळे मिटते आणि ओरखड्यावरून आडवं नख ओढते. नख सरळ निघून गेलं तर म्हणते, "होईल." नख अडकलं तर म्हणते, "नवी काच बसव." पुढे कितीही डोकं आपटा, ती दुसरं काही बोलत नाही.

तिचं म्हणणं खरं आहे. ओरखडा काही डाग नव्हे, की पुसला आणि गेला. त्याच्या आजूबाजूची काच घासून त्याच्या पातळीला आणावी लागते. ओरखडा वरवरचा असेल तर केसाहून कमी काच जाते, कुणाला पत्ता लागत नाही. खोल असेल तर तिथे खळगा पडतो, आणि खळग्यातून पाहिलं की समोरचं जग जागचं हलतं. खांब वाकतो. रस्त्यावरचा माणूस आहे तिथे न दिसता हातभर बाजूला दिसतो. ओरखडा गेला म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि ब्रेक मारायचा तिथे मारत नाही.

लोकांना हे ऐकायचं नसतं. एका शाळेच्या हेडमास्तराने रेडिओवर कुठेतरी ऐकून काचेला टूथपेस्ट चोळली. दोन अख्ख्या ट्यूबा. धुतली नाही, "मुरू दे" म्हणाला. सकाळपर्यंत पेस्टचा पापुद्रा झाला आणि त्यावर मुंग्या. त्या मुंग्यांसकट, खिडकीतून मान बाहेर काढून गाडी चालवत तो आमच्याकडे आला आणि वर मलाच विचारतो, "मामा, पुदिन्याची पेस्ट चालत नाही का?" मी कपाळाला हात लावला. फ्रिम्पोमाने निमूटपणे बादली आणली. ती कुणाला हसत नाही, कुणावर चिडत नाही. तिच्या वाट्याचं चिडायचं कामही माझ्याकडेच आहे.

ती एकोणिसाव्या वर्षी मॅगझिनमध्ये आली ती मक्याची पेज विकायला. म्हातारा तावीया तेव्हा काचा पॉलिश करायचा. त्याचे हात थरथरायला लागले होते आणि हाताखालची पोरं टिकत नव्हती, कारण या कामात मिरवण्यासारखं काही नाही. इंजिनवाला इंजिन सुरू करून दाखवतो, रंगवाला रंग दाखवतो. काचवाल्याने काम चांगलं केलं म्हणजे दाखवायला काहीच उरत नाही. एके दिवशी तावीयाने पेजेचा वाडगा परत देताना तिला म्हटलं, "पोरी, याला तडा आहे. डोळे मिटून शोध." तिने अंगठा फिरवला आणि दोन तडे दाखवले. म्हाताऱ्याला एकच माहीत होता.

चार वर्षं ती त्याच्या हाताखाली राबली. पेजेएवढी दाट पावडर कालवायची. ओरखड्याची जागा काचेच्या आतून मेणाच्या खडूने आखायची, कारण बाहेरून पावडर लागली की ओरखडा दिसेनासा होतो. मशीनला नमद्याची चकती लावायची, पाणी शिंपडत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. दर थोड्या वेळाने हाताची मागची बाजू लावून बघायचं, काच तापली का. तापली की तडकते. शिकणं संपलं त्या दिवशी रीतीप्रमाणे तावीयाने तिच्या डोक्यावर, खांद्यांवर पांढरी पावडर उधळली आणि गल्लीसमोर आपलं मशीन तिच्या हातात दिलं. तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो. बाई काय काच घासणार, असं मी मोठ्याने म्हणालो होतो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिला मूल झालं नाही. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिचा सहा वर्षांचा अडोमाको हिच्याकडे आला. आमच्याकडे आईची बहीण ही आईच, त्यासाठी वेगळा शब्द शोधायची गरज पडत नाही. पोराने पहिल्या दिवसापासून तिला आई म्हटलं. तो शेडमध्ये पॉलिशच्या डब्यांमध्ये झोपला, आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेले मासे खाऊन वाढला, शाळेत रमला नाही. आधी ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या मिनीबसच्या दारात लटकून "केजेतिया, केजेतिया" असं बाजारच्या स्टँडचं नाव ओरडायला लागला आणि मग ड्रायव्हर झाला. अकरा वर्षं त्याने अंटोबामची जुनी गाडी हाकली. ती गाडी कसली, पत्र्याची पेटी. पायाखालच्या भोकातून रस्ता दिसायचा.

आता या अंटोबामबद्दल. त्याला सगळे चेअरमन म्हणतात. कशाचा चेअरमन, ते देवाला माहीत. बोलताना दात कोरतो आणि काडीच्या टोकाला काय निघालं ते बघतो. घाम पुसलेला रुमाल दुसऱ्याच्या तोंडासमोर झटकतो. तीन गाड्यांचा मालक, आणि त्या तिन्हींचे वायपर बदलायला मी त्याला सहा वर्षं सांगतोय. पालथ्या घड्यावर पाणी.

तर या चेअरमनने तीस सीटची नवी गाडी घेतली, आक्राच्या, म्हणजे राजधानीच्या लाइनवर घालायला. नवी म्हणजे परदेशात वापरून आलेली, पण काच अशी स्वच्छ की पाखरं येऊन धडकावीत. अडोमाकोला त्याने अकरा वर्षं कबूल केलेलं होतं, मोठी गाडी आली की सीट तुझी. अडोमाकोच्या बायकोने सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं. मोठ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. लोक त्याला सर म्हणतात, स्टँडवर त्याला पुढची खुर्ची मिळते. फ्रिम्पोमाने त्याच्यासाठी दोन पांढरे शर्ट शिवून घेतले होते.

शनिवारी गाडीचा समारंभ झाला. अशा वेळी गाडीच्या कपाळाला, म्हणजे पुढच्या काचेला, पांढरं फासायचं असतं. जिंकल्याची खूण. शहाणे लोक दुकानातली सुगंधी पावडर आणतात. चेअरमनने पावडरीचे डबे वाचवले आणि बहिणीला ओढ्याकाठची पांढरी माती आणायला पाठवलं. जुनी रीत म्हणे! जुन्या रीतीत ती माती भिजवतात, गाळतात, गोळे करून वाळवतात. या बयेने ओढ्यावरून टोपली भरली ती तशीच आणली, रेतीसकट, आणि दोन्ही हातांनी काचेवर थापली. वर हरमटानची धूळ होतीच. बँड वाजायला लागला. चेअरमन दारूची बाटली उंच धरून ओरडला, "अडोमाको, नाचव तिला! हात हलवून दाखव लोकांना!"

अडोमाकोने वायपर सुरू केले. गाण्याच्या तालावर, एकदा हळू, एकदा जोरात. लोक वेडे झाले. बायका वायपरसारखे हात हलवून नाचत होत्या. तीन गाणी झाली. मी पहिल्या रांगेत उभा होतो. खर्र-खर्र मला ऐकू येत होतं, सव्वीस वर्षं तेच ऐकतोय. पण माझ्या तोंडात बकऱ्याच्या मांसाचा मोठा तुकडा होता आणि चेअरमनचा फुकटचा ग्लास हातात होता. मी ओरडलो नाही. चावत राहिलो.

रविवारी गाडी धुतली तेव्हा काच उघडी पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मोठ्या कमानी, सगळी काच खरवडलेली. चेअरमनने ती पाहिली आणि भर स्टँडवर अडोमाकोवर थुंकला. "गुरुवारी गाडी लाइनवर जाणार. तोपर्यंत काच होती तशी झाली नाही, तर किल्ली माझ्या मेहुण्याला. तू जा परत दारात लटकायला." माती याच्या बहिणीने फासली, नाचव म्हणून हाच ओरडला, आणि शिक्षा पोराला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिथे उभ्या असलेल्या शंभर माणसांनी हे शनिवारी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण सगळे मूग गिळून गप्प. त्यांच्याही पोटात चेअरमनचंच बकरं होतं.

सोमवारी सकाळी गाडी फ्रिम्पोमाच्या शेडसमोर आली. तिने पोराला शब्दानेही टोकलं नाही. काच धुतली, स्टुलावर चढली, डोळे मिटले. अंगठा फिरत राहिला. "होईल. होईल. हे पण होईल." अडोमाकोच्या जिवात जीव येत होता. मग ड्रायव्हरच्या बाजूला, बसल्यावर डोळ्यांसमोर येतो त्या उंचीवर, अंगठा थांबला. तिने परत ओढला. परत थांबला. वीतभर लांबीचा एकच ओरखडा, कुठल्यातरी खड्याने केलेला.

"हा नाही," ती म्हणाली.

"आई, एवढासा तर आहे."

"हा नाही, बाळा. बाकी सगळं काढते."

सोमवार संपेपर्यंत, आणि मग मंगळवारचा पूर्ण दिवस, ती काचेला चिकटून होती. मी माझ्या टपरीतून बघत होतो. बायकोने दिलेला फुफूचा गोळा जेवायला म्हणून दुपारी तिच्यापुढे ठेवलं, तर संध्याकाळी त्यावर पावडरीचा तांबूस थर. कमानी नाहीशा झाल्या. असं काम मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. राहिला तो एक ओरखडा, स्वच्छ काचेवर पहिल्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरणारा.

बुधवारी दुपारी चेअरमन आला. दात कोरत काचेपुढे फिरला आणि त्याच काडीने त्या ओरखड्यावर टिचकी मारली.

"आणि हा? हा काय माझ्या आईला ठेवलाय?"

"तो खोल आहे, चेअरमन," फ्रिम्पोमा म्हणाली. "काढला तर तिथे खळगा पडेल. समोरचं नीट दिसणार नाही."

"आँटी, मी काच बघतो. काचेतून बघायचं काम ड्रायव्हरचं. पाच वाजता येतो. तेव्हा हा दिसला तर तुमच्या पोराने आपली चप्पल उचलायची."

तो गेला. अडोमाको तिच्यासमोर धुळीत गुडघ्यांवर बसला. तीस वर्षांचा बाप्या. "आई, अकरा वर्षं काढली गं मी त्या पेटीत. थोडं दाब. फक्त थोडं. मी सांभाळून चालवेन."

ती माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला काही विचारलं, तेही तोंडाने नाही. मी काय म्हणावं? वायपर विकणारा मी, काचेबद्दल सगळं जाणणारा मी, मी म्हणालो, "अगं, घास थोडं. आक्राच्या रस्त्यावर धड काचेची एक तरी गाडी दाखव मला. पोराच्या पोटापुढे नखाचं काय घेऊन बसलीस?" हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणावर ढकलता आले असते तर बरं झालं असतं.

तिने मशीन उचललं. त्या एका जागेवर ती पाऊण तास होती. पाणी शिंपडायची, हाताची मागची बाजू लावायची, परत सुरू करायची. तिच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना म्हणून मी उगाच वायपरची खोकी मोजत बसलो. पाचला चेअरमन आला तेव्हा ती शेवटचं पाणी मारत होती. काच कोरी. ओरखडा होता असं कुणाला शपथेवर सांगून पटलं नसतं.

"बघा," चेअरमन जमलेल्या लोकांना म्हणाला, "म्हणे होत नाही! या बायकांना जरा दम दिला की सगळं होतं." लोक हसले. त्याने किल्ली अडोमाकोच्या हातावर ठेवली. अडोमाकोने ती कपाळाला लावली.

"थांब," फ्रिम्पोमा म्हणाली. "आधी मी बसते."

ती ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. मीही मागून चढलो आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. समोर रस्त्यापलीकडे विजेचा खांब होता. तिने मान थोडी डावीकडे नेली, तसा खांब मधोमध पिळवटला. उकडलेल्या अंड्यांची परात डोक्यावर घेऊन एक बाई रस्ता ओलांडत होती. त्या खळग्याशी आल्यावर ती एक क्षण दिसेनाशी झाली आणि मग पाऊलभर पुढे एकदम उगवली.

"चेअरमन," फ्रिम्पोमाने हाक मारली, "इथे बसून बघा."

"मी कशाला बसू? मी काय ड्रायव्हर आहे?"

"अडोमाको, तू बस."

तो बसला. त्यानेही मान हलवली, आणि त्याला दिसलं. दिसल्याचं मी त्याच्या तोंडावर पाहिलं. मग तो म्हणाला, "मला काही दिसत नाही, आई. सगळं ठीक आहे. सवय होईल."

फ्रिम्पोमा खाली उतरली, शेडमध्ये गेली आणि काच कापायचं हिऱ्याचं पेन घेऊन आली. आमच्या गल्लीत एक रीत आहे. काचवाल्याने बाद काचेवर फुली मारली की ती काच मेली. तसली काच गाडीत ठेवून मॅगझिनच्या फाटकाबाहेर कुणाला जाता येत नाही, मग मालक कितीही मोठा असो. फाटकावरचे म्हातारे गाडी अडवतात. स्वतः घासलेल्या काचेवर मात्र कुणी फुली मारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती स्टुलावर चढली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पेन ओढलं. मग उलट बाजूने. त्या आवाजाने लोकांनी कान झाकले. काचेपलीकडे अडोमाको स्टिअरिंग धरून बसला होता, फुलीच्या बरोबर मागे.

पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं. चेअरमनने तिला काय काय शिव्या दिल्या ते लिहिणार नाही. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. म्हणणारे तेच, गुरुवारी सकाळी त्या गाडीतून आक्राला जायला ज्यांनी तिकिटं काढली होती ते! चेअरमनने भरपाई म्हणून तिचं मशीन उचलून नेलं, तावीयाने दिलेलं. नवी काच टेमा बंदराहून यायला तीन आठवडे लागले आणि ती बसल्यावर किल्ली मेहुण्याला मिळाली.

आणि अडोमाको? गाडीतून उतरला, दोन्ही पांढरे शर्ट तिच्या शेडच्या दारात टाकले आणि म्हणाला, "झालं समाधान, आँटी?" आँटी. गिऱ्हाईकं म्हणतात तसं. फ्रिम्पोमाने शर्ट उचलले, झटकले, घडी घातली.

यानंतर ती हातानेच काचा घासायला लागली. एका काचेला तीन-तीन दिवस. अडोमाकोने कुणाची तरी जुनी टॅक्सी धरली, मॅगझिन ते केजेतिया, सीटमागे ठरलेलं भाडं. तिच्या शेडसमोरून दिवसातून दहा वेळा जायचा, मान वळवायचा नाही. दोन महिन्यांनी ती टॅक्सी माझ्या टपरीशी अडकली तेव्हा मी तिची काच पाहिली. पलीकडच्या गल्लीत एक पॉलिशवाला आहे, त्याला नखबिख काही लागत नाही, सांगाल ते घासून देतो. अडोमाकोने काच त्याच्याकडे नेली होती. ड्रायव्हरच्या समोर अस्सा खळगा, की त्यात पेज वाढावी.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "यातून तुला दिसतं तरी काय?"

"सगळं दिसतं, मामा. फक्त जागेवर दिसत नाही."

"मग बदल ना! कुणावर सूड उगवतोयस?"

"गाडी चांगली चालते, मामा. बाजूला व्हा, गिऱ्हाईक ताटकळलंय."

मी फ्रिम्पोमाला सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण माझ्या पोटात राहीना. तिने हातातलं फडकं पिळलं, वाळत घातलं, शेडला कुलूप लावलं. सकाळचे अकरा वाजले होते, एक काच अर्धी घासून पडली होती. ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि त्याची टॅक्सी आली तशी पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. मीही मागे घुसलो. मागे एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, ती मला म्हणाली, "सरकून बसा, आजोबा."

अडोमाकोने गिअर टाकला. चौकाच्या अलीकडे फ्रिम्पोमा म्हणाली, "उजवीकडून हातगाडी येतेय." त्याने वेग कमी केला. हातगाडी गेली. मग, "पुढचा थांबतोय." त्याने ब्रेक मारला. मग, "दोन मुली आहेत. हात धरलेत. आता रस्त्याच्या मधे. अजून मधे. गेल्या." सपाट आवाजात, शेजारच्या सीटवरून, तिच्या बाजूच्या धड काचेतून बघत. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण ती म्हणेल तेव्हा थांबत होता, म्हणेल तेव्हा निघत होता. कोंबडीवाली मला कुजबुजत म्हणाली, "ड्रायव्हर आंधळा आहे काय हो?"

केजेतियापर्यंत असं चाललं. तिथे सगळे उतरले. फ्रिम्पोमा उतरली नाही, परतीच्या फेरीसाठी तशीच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत बसणार होती, दुसऱ्या दिवशीही येणार होती, हे त्यालाही कळलं, मलाही कळलं. अर्धी घासलेली काच शेडमध्ये वाळत होती. एवढं होऊन आता तरी तो तिच्या पायांवर पडेल असं मला वाटलं. म्हातारपणी मी इतका मूर्ख कसा झालो, ठाऊक नाही. त्याने तिच्यापुढे हात पसरला. तिने कमरेच्या कापडाच्या गाठीतून नोट काढून दिली. त्या हरामखोराने आलेल्या फेरीचं आणि पुढच्या फेरीचं, दोन्ही भाडी कापून घेतली, सुटे परत दिले आणि म्हणाला, "थँक्यू, आँटी."

"समोर बघ," ती म्हणाली. "पुढची बस मागे येतेय."